दुसरी गिरणी

आई, मी आत्ताच सुरगाण्याकडून परत आलेय. पायांना अजून तिकडची लाल माती आहे, आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय. तू असतीस तर जिन्यातूनच हाका मारत वर आले असते, आणि तू म्हणाली असतीस, "अगं हळू, शेजारचे काय म्हणतील!"

नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या घरातली भिशी आठवते ना? सतरंजीवर बसलेल्या तुम्ही सगळ्या, मधे पोह्यांच्या बश्या, आणि कोपऱ्यात दहावीचा अभ्यास केल्याचं दाखवत तुमचं बोलणं ऐकणारी मी. खालच्या मजल्यावरच्या नर्स सिस्टरांची नेमणूक तेव्हा सुरगाण्याकडच्या एका पाड्याजवळ होती. त्या सांगत होत्या, "तिथं पहाटे अंधारात जाती सुरू होतात. रोजची नागली, म्हणजे आपली नाचणी, रोज दळायची. पोटुशी बाईसुद्धा दळते. गिरणी गाठायची तर डोंगर उतरून जावं लागतं." सगळ्या हळहळल्या. तू मात्र चहाचं पातेलं हातात धरून तशीच उभी. मग म्हणालीस, "एका महिन्याची भिशी कोणाच्याच नावाची नको. ती त्या बायकांना देऊ." समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो, ना ओळख ना पाळख. माझा मिक्सर बिघडून पडलाय, आणि आपण लोकांना गिरणी देणार?" तू हसत म्हणालीस, "मिक्सर बिघडला तर आपली चटणी अडते. तिथं बाईची झोप अडलीय." संध्याकाळी बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुमच्या भिशीत गिरणीचा पट्टा आला तरी पुष्कळ." "मग पट्ट्यापासून सुरुवात करू," तू म्हणालीस आणि कणीक मळायला लागलीस.

आणि झालंच की! थोडं थोडं करत आणखी कुणीकुणी हातभार लावला. काकूंचे यजमान सातपूरला कारखान्यात होते. त्यांनी एक जुनं डिझेल इंजिन मिळवलं आणि सुट्टीच्या दिवशी बसून दुरुस्त केलं. मिक्सरवाल्या काकूच मग सगळ्यांत पुढे. आपण टेम्पोत बसून निघालो तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. शेवटच्या चढावर टेम्पो थांबतो, वरून माणसं बांबू घेऊन धावत येतात, इंजिन खांद्यांवर चढतं, बायका गिरणीचे दगड उचलतात. वर झोपडीत सगळं बसवून काका हँडल मारतात. इंजिन नुसतं फुसफुसतं. पुन्हा मारतात. तू पदराचं टोक दातात धरून उभी. मग एकदम धडधड सुरू होते, पोरं किंचाळतात. एक म्हातारी गरम पिठाखाली हात धरते आणि खुदुखुदु हसत राहते.

पुढे तू आजारी पडलीस. सिस्टर भेटल्या की पहिला प्रश्न तोच, "चालतेय ना?" मग त्यांची बदली झाली, आणि त्यानंतर तूही गेलीस. ती गिरणी टिकली की गंजून पडली, ते आपल्याला कधी कळलंच नाही.

आज बँकेतून बचत गटांची खाती उघडायला मला पाठवलं, ते नेमकं त्याच पाड्यावर. जीप चढाला लागली आणि धडधड ऐकू आली. आई, तीच धडधड! गटाच्या अध्यक्षबाईंना मी विचारलं, "ही गिरणी कुणाची?" म्हणाल्या, "आमची हाय. नाशिकच्या बायांनी दिली व्हती, लय वर्सं झाली." मी म्हटलं, "त्यातली एक माझी आई." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "कुठं हाय ती? आणायची ना संगं!" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझे हात सोडले नाहीत. मग म्हणाल्या, "मंग तू चल. दुसरी दावते."

दुसरी! डोंगराच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीजवळ, आणखी एक पाडा आहे. दर दळणामागे ओंजळभर नागली बाजूला काढून, ती विकून, या बायकांनी तिथल्या बायकांना गिरणी दिली. बाईंची मुलगी तिथं अंगणवाडी चालवते. ती म्हणाली, "आई दळायला बसली की धाकटी भावंडं माज्याकडं. आमच्या पाड्यावर गिरणी आली अन् मी साळेत जाया लागले." मी विचारलं, "इकडच्या लोकांशी तुमचं नातं आहे का काही?" बाई हसल्या. "नातं कशाला पायजे? त्यांच्या बाया बी पाटंच उठत व्हत्या."

आई, तुझं ते 'बाईची झोप अडलीय' हे वाक्य त्यांना कुणी सांगितलं नव्हतं गं. तरी त्या तिथवर आपल्याआपणच पोचल्या.

जेवायला त्यांनी चुलीवरची नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, त्यांची घट्ट आमटी, वाढलं. त्यातली अर्धी भाकरी मी गुपचूप रुमालात बांधून घेतली, तुझ्या फोटोपुढे ठेवायची म्हणून. पण खरं सांगू? परतीच्या वाटेवर दिंडोरीपर्यंत पोचले आणि राहवलं नाही. मीच खाऊन टाकली.