पाटलीणबाईंचा फाटका कान

मार्गशीर्ष व. ३, अमरावती
आज माझ्या वैद्यकीत चक्क कान आला! मोर्शीकडच्या पाटलीण यमुनाबाई. यंदाच्या कापसाच्या पैशातून जड कर्णफुलं केली, आणि कापसाचंच गाठोडं उचलताना डावं त्यात अडकलं. कानाची पाळी खालपर्यंत चिरली. माघात लेकीचं लग्न, अकोल्याला. "फाटक्या कानानं मांडवात उभी राहू काय? इहीणबाई हसतीन मले." जुळवतो म्हणालो. बोलून बसलो! तीर्थरूप बाबांना एकदा करताना पाहिलंय, स्वतः कधी नाही.

व. ४
केलं! कडा खरवडून रक्त येऊ दिलं, पुसलं, कडेला कड भिडवली. दोन टाके, मध-तूप, वर कापूस, पट्टी. बाईंनी हूं की चूं केलं नाही. यंदा कापसाला सोन्याचा भाव, म्हणून कापूसही बाईंनी घरचाच आणलेला. "बाजारचा घ्यान त दिवाळं निघन तुमचं." पथ्य सांगितलं: तिखट नको, दिवसा झोप नको, फार बोलणं नको. शेवटचं ऐकून पाटील हसले.

व. ७
घात. बाई इथे बाजाराजवळ बहिणीकडे उतरल्यात. मापाड्याने त्यांचा कापूस तोलताना काटा मारला म्हणून ओसरीवरून हा आरडाओरडा! पट्टी सरकली, एक टाका तुटला. रागावलो. "मंग काय लुटू देऊ त्याले?" पुन्हा बांधलं. पू नाही, वास नाही. तरी रात्री मला जेवण गेलं नाही.

अमावास्या
जुळलं!! टाका तुटला तिथेही कोवळं लाल मांस भरलंय. ओरडतच घरात गेलो, सौ. घाबरली. बाबा हवे होते आज.

पौष शु. १३
आरसा दिला. यमुनाबाई रडल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता टोचा." म्हटलं, नवं कातडं आहे, जड दागिना पेलणार नाही, पुन्हा चिरेल. पावसाळ्यापर्यंत थांबा. सोनाराकडूनही टोचून घ्यायचं नाही. "लगन पावसाळ्यात हाये काय?" मी हटलो नाही. जाताना मलाच लग्नाचं आवतण.

माघ शु. ५, मुक्काम मूर्तिजापूर
पाटलांच्याच बैलांच्या दमणीतून अकोल्याला निघालोय. समोर यमुनाबाई. उजव्या कानात कर्णफूल, डावं पदराच्या गाठीत. पाळी काय सुरेख दिसते! दहादा पाहिली. टोचायची सुई मुद्दाम घरी ठेवलीय. सकाळपासून बाई गप्प. विचारलं तर, "तुमीच त सांगतलं, बोलू नका."
मी विचारलं, अकोल्यात उतरायचं कुणाकडे? पाटलांनी बैलांकडे बघितलं. बाईच म्हणाल्या, "वळखीचा सोनार हाये एक."