सूपला आवाज हवा होता

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त अर्धाच समज, उरलेला भेटीत घालीन.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी नवे दात करून घेतल्याचं कळलं. ते तोंडात बसले, की अजून खिशातच बसून असतात? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे आणि मी तिच्या शेजारी आहे.

पत्रास कारण की, तुझा धाकटा भाऊ सिनेमात गेला. घाबरू नकोस, तोंड दिसत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, ती चित्रं हलवण्याचा उद्योग करते. (कागदावर काढलेली माणसं चालती-बोलती करते, तसलं हलवणं. मी आधी भिंतीवरची चित्रं समजलो आणि खिळे देऊ केले.) बाहेर जेवायला जाण्यावर तिनं एक छोटासा चित्रपट करायला घेतला होता. एक नवरा-बायको हॉटेलात जातात. खुर्च्या म्हणतात, आज आम्ही दमलोय, आणि त्याच या दोघांच्या मांडीवर बसतात. मेन्यूकार्ड या दोघांना उलगडून वाचतं आणि वेटरला सांगतं, यातलं काहीच ताजं दिसत नाही. बशीतला मासा उठून खिडकीजवळची जागा मागतो. शेवटी सूप येतं. नवरा चमचा उचलतो, तसं सूप म्हणतं, "आलात तर आलात, माझ्याकडे बघा तरी!" मी विचारलं, "असं का म्हणतं?" तर म्हणाली, "काका, सूपला 'का?' असं विचारायचं नसतं."

तर या सूपला आवाज हवा होता. बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात माझी हयात गेली, हे तुला माहीतच आहे. मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या आवाजात वाफ आहे." असं कुणी म्हटल्यावर मी पाघळणार नाही तर काय? लगेच हो म्हटलं. मग वाटलं, सूपचा स्वभाव जवळून बघितल्याशिवाय काम वठायचं नाही. म्हणून बायकोला जाता जाता म्हणालो, "संध्याकाळी हॉटेलात जाऊ." इथे घोळ झाला. लग्न झाल्यापासून मी तिला कधी बाहेर जेवायला नेलं नव्हतं. घरी इतकं चांगलं मिळतं तर बाहेर कशाला, असं म्हणायचो. (मी ते कौतुकानं म्हणायचो. तिला ती शिक्षा वाटायची, हे मला उशिरा समजलं.) ती दुपारपासून तयारीला लागली, ठेवणीतले कपडे काढले, अत्तर लावलं. मला वाटलं, हिला शिंका का येतायत?

हॉटेलात सूप आलं. मी वाडग्याला कान लावला. मग ते वाक्य आधी हळू म्हटलं, मग रागानं, मग रडवेल्या सुरात. तेवढ्यात मिशी बुडाली. वेटरनं हे पाहिलं आणि मालकाला बोलावून आणलं. मालक म्हणाला, "साहेब, काही पडलंय का त्यात?"

"नाही. मी त्याच्याशी बोलतोय."

त्या माणसानं आयुष्यात बरंच पाहिलं असावं. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मग थोडा एकांत देऊ का?" आणि वेटरला घेऊन निघून गेला. तेव्हा ही हळूच म्हणाली, "समोर मीही बसलेय." आणि मी, ताई, चौकशीच्या खिडकीवर घाई करणाऱ्या प्रवाशाला दाखवतो तसा तिला थांबायचा हात दाखवला. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. ही घरी निघून गेली होती. तिचं सूप वाया जाऊ नये म्हणून मी तेही प्यायलो, पण कशालाच चव नव्हती. त्यानंतर घरात अबोला. ही बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात.

आवाज भरायच्या दिवशी वरच्या मुलीनं हिलाही आग्रहानं नेलं. ती खोली म्हणजे भिंतींना गाद्या लावलेल्या. काचेपलीकडे यंत्र चालवणारा ध्वनिमुद्रक. मी घसा खाकरून म्हणालो, "कृपया लक्ष द्या. आलात तर आलात, माझ्याकडे बघा तरी." मुद्रकानं नकळत आपली पिशवी उचलली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दर वेळी सूप फलाटावरून सुटायचं. मुलगी काकुळतीला आली. "काका, तुमच्याकडे कुणी बघत नाही, याचं वाईट वाटू द्या ना!" मी म्हणालो, "मला कसलं वाईट? मला आजवर कुणी बघितलेलंच नाही, नुसतं ऐकलंय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून, अजिबात न ओरडता, ही म्हणाली, "आलात तर आलात, माझ्याकडे बघा तरी."

मुद्रकानं पिशवी खाली ठेवली. मी वळून पाहिलं. तिनं त्या संध्याकाळचेच कपडे घातले होते, आणि काय सांगू, ते तिला फार शोभत होते. तोंडातून एवढंच आलं, "बघतोय."

यंत्र चालूच होतं. चित्रपटात आता सूप हिच्या आवाजात बोलतं आणि चित्रातला नवरा माझ्या आवाजात "बघतोय" म्हणतो. पहिल्या खेळाला लोक तिथेच सगळ्यात जास्त हसले. (यात हसण्यासारखं काय आहे, ते भाऊजींना विचारून कळव.) मुद्रक मला म्हणाला, "काका, तुमचं सूप वाजलं." पण मला वाईट वाटलेलं नाही. मी मोठ्या मनानं हिला पुढे केलं, असं मी स्थानकात सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या चित्रपटात ही करकरणारा दरवाजा आहे. मुलगी आणि ही अभ्यासासाठी सारख्या बाहेर जेवतात आणि मी घरी असतो. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं, की अंडं गार पाण्यात टाकायचं का उकळत्या? मागचं छताला लागलं. ताबडतोब कळव.

ता. क. (हे मी लिहितेय.) वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. त्या संध्याकाळी मी घरी गेले नव्हते. यांच्या पाठीमागच्याच टेबलावर बसून पोटभर जेवले, वर आइस्क्रीम खाल्लं, आणि बिल यांनीच भरलं. अजून कळलेलं नाही. सांगू नका. अंड्याचं मात्र कळवा, अगदी सविस्तर.