रत्नासाठी होडी सुटली नाही

मेडनहेड, गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

दवाखान्यातून घरी आले तर सितीची ईमेल. इंडोनेशियातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात मी यंदा समरमध्ये दोन महिने डॉक्टर म्हणून काम केलं, तिथली ही नर्स. लिहिते, रत्ना गेली. बाळंतपणात रक्त थांबेना, आणि समुद्र दोन दिवस इतका खवळलेला की हॉस्पिटलला न्यायला एकही होडी सुटली नाही. रस्ता तर तिथे नाहीच. मुलगी जगलीय.

जुलैमध्ये मीच तपासलं होतं तिला. चेहरा पांढराफटक, अंगात रक्त नाही. म्हटलं, "महिनाभर आधी शहरात जाऊन राहा." ती हसली. म्हणाली, "मग मासळी कोण वाळवणार?" सितीनं ते मला इंग्लिशमध्ये सांगितलं आणि मीही हसले. का हसले? आयर्नच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "अगं, तू असतीस तरी काय केलं असतंस? समुद्र थांबवणार होतीस?" खरंय. पण हसायला नको होतं. तिच्या आईला बोलावून बजावायला हवं होतं. इथल्या पेशंटला मी असं जाऊ दिलं असतं? नाही.

रत्नाची आई आता नातीला पावडरचं दूध पाजतेय. लाटांचं पाणी विहिरीत शिरलंय, तर किती वेळ उकळलं म्हणजे चालेल, एवढं तिनं सितीमार्फत विचारलंय. उकळून मीठ जात नाही, आणि तान्ह्या बाळाला खारं पाणी घातक. हे कसं लिहू? तासभर बसलेय, अजून एक ओळ झालेली नाही.