मयतीसाठी राखलेले पेट्रोल

मी, अयालनेह वोंदिराद, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार गुलेले, अदिस अबाबा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय अधूनमधून ठोका चुकवते. बुद्धी ठिकाणावर आहे. आयुष्यभर उभा राहून बोललो, हे मात्र बसून लिहितो.

कलम १. दोन खोल्यांचे घर माझी एकुलती मुलगी वुबित हिला. पुस्तके शाळेला. कपाटाला कुलूप लावणार असाल तर नेऊच नका.

कलम २. निळी पेट्रोल गाडी. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी वुबितने विजेवरची गाडी घेतली आणि मीही घ्यावी म्हणून दोन्ही गाड्यांचा दहा वर्षांचा खर्च कागदावर मांडून आणला. आमचे इदिर, म्हणजे मयतीला एकमेकांसाठी धावणारे मंडळ. त्याच्या सभेत मी तो कागद फडकावून भाषण ठोकले. आठ-दहा वर्षांनी विजेच्या गाडीची बॅटरी बदलावी लागेल, तेवढ्या पैशांत माझ्या गाडीचा पुनर्जन्म होईल, असे म्हणालो. टाळ्या पडल्या. वुबित एवढेच बोलली, "बाबा, बॅटरी मी हिशेबात धरलीच आहे. तुम्ही पंपावरची रांग धरली नाहीत." मी हसलो, म्हणून सभाही हसली. त्यानंतर ती माझ्या दारात आलेली नाही.

आज धरतो. बॅटरीचा खर्च खरा आहे आणि मोठा आहे. ते म्हणणे मी मागे घेत नाही. पण माझ्या गाडीचे इंजिन दोनदा उतरवले, क्लच तीनदा बदलला, ऑइलचे तर विचारूच नका. हे सगळे मी किरकोळ म्हणून सोडून दिले. आणि पंपावरची रांग. पहाटे लागावे, दुपारी नंबर यावा. एवढे करून मिळालेले पेट्रोल मी मयतीसाठी राखत असे, कारण मयताच्या दारात उभारायचा मंडळाचा तंबू माझ्याच गाडीच्या टपावरून जाई आणि थडग्यापाशी बोलण्याचा मान माझा असे.

माझी पत्नी यशीमबेत अंकोबरची. माहेरचा डोंगर एकदा बघून येऊ, असे ती वर्षानुवर्षे म्हणत होती. रस्ता अर्ध्या दिवसाचा. माझे उत्तर ठरलेले: पुढच्या रविवारी. एकदा कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला तुमच्याकडे पेट्रोल असतं. मग मी मरूनच विचारू का?"

चार वर्षांपूर्वी ती गेली. त्या दिवशी टाकी भरलेली होती.

कलम ३. गाडी विकावी. जुन्या गाडीला भाव चांगला येतो. हेही वुबितच्या कागदात होते. पैसे मंडळाने तंबू नेण्याच्या भाड्यासाठी ठेवावेत. माझ्या मयतीला ती गाडी आणू नये.

कलम ४. शेजारी नेगुसे यांना माझा वीस लिटरचा डबा आणि नरसाळे. त्या सभेत पहिली टाळी त्यांची होती. विजेची गाडी म्हणजे उद्याचे भंगार, असे ते अजून दर आठवड्याला मला ऐकवतात. त्यांनी रांगेत सुखाने उभे राहावे.

कलम ५. बँकेतील सर्व शिल्लक वुबितच्या गाडीच्या बॅटरीसाठी. आधी मोडू नये.

कलम ६. यशीमबेतची पांढरी शाल वुबितला. काठावरचा कॉफीचा डाग धुऊ नये.

कलम ७. असा कागद माणूस गेल्यावर उघडतात. ती रीत मी मोडतो. साक्षीदार त्सेहाईनेश बाईंनी याची नक्कल उद्याच वुबितच्या हाती द्यावी.

वुबित, रविवारी सकाळी मी ती शाल मांडीवर घेऊन फाटकापाशी बसेन. मला अंकोबरला ने. वाटेत चार्जिंग संपले तर संपू दे, मी भाषण करणार नाही. या रविवारी तुला जमले नाही, तर पुढच्या रविवारीही मी तिथेच असेन.

सही: अयालनेह वोंदिराद

आमच्यासमोर लिहून सही केली, म्हणून साक्ष:
१. त्सेहाईनेश बेल्लेते, निवृत्त परिचारिका
२. देस्सालेग्न हुन्देसा, इदिरचे चिटणीस

गुलेले, अदिस अबाबा
१४ तिर २०१८ (इथिओपियाच्या पंचांगाप्रमाणे)