लाल बाण

सोमवार, ३ मार्च

पुन्हा नापास! पन्नासात अठरा. हवे होते तीस.

साहेब म्हणाले, "मावशी, तपासणीत तुमचा हात कोणी धरणार नाही, पण रिपोर्टमध्ये ए, अॅन, द कुठेच नाही हो." मी लिहिलं होतं, 'शर्ट हॅज होल'. शर्टाला भोक आहे की नाही? आहे. मग अडलं कुठे? माल घेणारी कंपनी इंग्रजीत वाचते म्हणून आता आम्ही या वयात पाटी-पेन्सिल घ्यायची!

एकोणीस वर्षं शर्ट तपासतेय, सगळी उभ्याने. महिनाअखेर आमची सुपरवायझर निवृत्त होतेय. अख्ख्या खात्यात खुर्ची एकच, ती तिची. परीक्षा पास झाले तर ती मला. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय — असंच उभं राहिलात तर वर्षभरात गुडघा काम सोडायला लावेल. एकवीस तारखेला शेवटची संधी. नंतर खुर्ची दुसऱ्या कोणाची तरी.

मंगळवार, ४ मार्च

चिरंजीव म्हणतात, "आई, घरात एम.ए. बी.एड. बसलीय, तिला विचार की!" सांगायला काय जातं याचं. सुनेपुढे वही घेऊन बसायचं, सासूने!

बसले.

गुरुवार, ६ मार्च

डोकं उठलंय नुसतं. सूनबाई रोज संध्याकाळी एक पत्र लिहून देते, त्यातले ए, अॅन, द मुद्दाम गाळून. मी ती जागा शोधायची. पत्रंही कसली! आज एका कारकुनाची छत्री हरवली. आधी 'अॅन अम्ब्रेला', मग दुसऱ्या ओळीत तीच मेली छत्री 'द अम्ब्रेला'. मी म्हटलं, छत्री तीच ना? "तीच आई, पण आता ओळखीची झाली." छत्रीची ओळख! आणि 'युनिफॉर्म'ला 'ए', 'आवर'ला 'अॅन'. म्हटलं, अगं उलटं शिकवतेस. तर म्हणे, "अक्षर बघू नका, कानाला काय ऐकू येतं ते बघा." दहापैकी तीन दिले. पेन्सिलीने, वर गोल करून. मला!

रविवार, ९ मार्च

आज मीच एक युक्ती काढली. कारखान्यात शर्टात दोष दिसला की आम्ही तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवतो. त्याची एक पट्टी घरी आणली. पत्रात जिथे काही गळलंय तिथे बाण. डोळ्यांना सवयच आहे, भराभर सापडायला लागलं.

आणि लावता लावता एकदम लक्षात आलं — टेबलावर शर्टांचा ढीग येतो तेव्हा त्यातला कुठलाही शर्ट 'ए'. मी बाण लावला की तो 'द'. मग सगळे त्यालाच शोधत येतात! हे सुनेला सांगितलं तर ती टुणकन उठलीच. "आई, हे मला सुचलं नसतं! मी वर्गात असंच शिकवीन." कुठला वर्ग अन् काय. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दहात सात.

सोमवार, १० मार्च

सातावरून पुन्हा चार. 'द सन' का, 'द मून' का, आणि मग देवाला का नाही 'द'? तोही एकच ना? सूनबाई म्हणे, "तो विषय राहू द्या, परीक्षेत येत नाही." माझं टाळकं सरकलं. बोलून गेले, "एवढं येतं तुला, तर दोन वर्षांत एका तरी शाळेने का नाही घेतलं?"

ती उठून कांदा चिरायला आत गेली. मला माझीच जीभ चावावीशी वाटली, पण माफी मागितली नाही. आज सासूपण आडवं आलं.

मंगळवार, ११ मार्च

ती संध्याकाळी रोजच्यासारखी पत्र घेऊन आली! आजच्या पत्रात कुत्र्याने पाकीट पळवलंय. सहा मिळाले.

कारखान्यात आज तमाशा. नव्या मुलीने चाळीस शर्ट पास करून पुढे ढकलले. सगळ्यांचे खिसे डावीऐवजी उजव्या बाजूला! टाके मात्र सरळ, एक दोरा सुटलेला नाही. मी चांगलीच झापली — "टाका बघितलास गं, शर्ट कोण बघणार?" रडली बिचारी. पण तपासणारीचा शिक्का पडला की चूक तपासणारीची. तिथे दया नाही.

बुधवार, १२ मार्च

सूनबाईंना टपाल आलं. दारातच उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "काय गं?" म्हटलं. "काही नाही आई, उगाच." लगेच पर्समध्ये. मग संध्याकाळभर पातेली आपटण्याचा आवाज नाही, गुणगुणणं नाही. माझ्या सोमवारच्या बोलण्याचा राग असणार. असू दे.

शुक्रवार, १४ मार्च

कामावरून आले तर पत्र टेबलावर तयार. ती दुकानात गेली होती. बाणांची पट्टी काढली आणि बसले. आजचं लांबलचक, तिची पत्रं नेहमीचीच रडकी. कोणी तरी शाळेला लिहितंय की अठरा तारखेला हजर होता येत नाही, घरात सासूची परीक्षा आहे. सासूची परीक्षा! कळतात हो टोमणे मला, इंग्रजीत असले तरी कळतात. पण म्हटलं, आपण आपलं काम करावं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दाशब्दावर बोट ठेवून गेले. अख्ख्या पानात चूक एकच! शेवटच्या परिच्छेदात 'पोस्ट'च्या आधी 'द' गळलेला. बाण लावला ठसठशीत.

ती आली, पानाकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "एकच ठेवलीस? सोपं करून देतेस होय? दया नकोय मला." ती म्हणाली, "नाही आई. खरंच एकच होती. मलासुद्धा दिसली नव्हती." आणि घडी घालून पान घेऊन गेली. मार्कसुद्धा दाखवले नाहीत! विचारलं, तर म्हणे, "नंतर."

मास्तरीण चुकली आणि सासूने पकडली. आज गुडघासुद्धा कमी दुखतोय.

मंगळवार, १८ मार्च

दहात नऊ! ती म्हणाली, आता मला शिकवायचं काही उरलं नाही. तरी उद्या बसूच म्हणे. चिवट आहे कार्टी.

शुक्रवार, २१ मार्च

दिली परीक्षा. रिपोर्ट काज फाटलेल्या शर्टावर आला. मनात ढीग आणला, बाण लावला, लिहीत गेले. सूनबाई फाटकाबाहेर दोन तास उभी होती. म्हटलं, अगं बसायचं तरी कुठे. म्हणे, "तुम्ही एकोणीस वर्षं उभ्या आहात, मी दोन तास."

असलं काही बोलते, मग रागावता पण येत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

एकेचाळीस!! पन्नासात एकेचाळीस! साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सोमवारपासून खुर्ची माझी. सुपरवायझरने स्वतःची उशीसुद्धा ठेवलीय माझ्यासाठी.

घरी सांगितलं तर चिरंजीव म्हणाले, "बघ, मी सांगितलं होतं!" याने काय केलं देव जाणे. सूनबाईने मिठीच मारली. रडली. माझ्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, "अगं, नोकरी मला लागली की तुला?" तर हसायला लागली.

रविवार, ३० मार्च

तिचं व्याकरणाचं पुस्तक परत ठेवायला गेले. त्यातून चौदा तारखेचं पत्र पडलं, माझा बाण लावलेलं. त्याला टाचणीने शाळेचं उत्तर जोडलेलं, दोन ओळींचं — बावीस तारखेपर्यंत थांबता येत नाही, जागा दुसऱ्या शिक्षिकेला दिली.

सराव नव्हता तो. शाळेला धाडलेल्या खऱ्या पत्राचा खर्डा होता. दोन वर्षांनी आलेल्या, परगावच्या शाळेच्या बोलावण्याला तिने लिहिलं होतं की सासूबाईंची परीक्षा होईपर्यंत मला घर सोडता येणार नाही, बावीसला आले तर चालेल का, आणि पोस्ट, म्हणजे जागा, थांबू शकत नसेल तर दुसऱ्या कोणाला द्यावी. बाण नेमका त्याच वाक्यावर आहे. शब्द न् शब्द वाचला होता मी. टाका बघितला, शर्ट बघितला नाही. आणि पास करून तिच्या हातात दिला.

खाली कोपऱ्यात तिने पेन्सिलीने गोल केलाय — दहापैकी दहा.