आईची लुंबिनी

रविवार, संध्याकाळी सात. कांदिवली.

शेवटी आईला नेपाळला धाकटी वंदनाच नेतेय. लुंबिनी, मग काठमांडूचे जुने स्तूप. दुपारी मुलुंडहून आली, मोबाइलवर डोंगर दाखवले, आणि आई लहान पोरीसारखी हसली. नऊ वर्षं आई माझ्याकडे आहे. माझ्यासमोर कधी अशी हसलीय? लुंबिनीला मीच नेणार होते ना. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की.

मी बोलून गेले, "तिचे गुडघे बघितलेस? स्तूपाच्या पायऱ्या कशी चढणार ती?" आईचं हसू मावळलं. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण मी काळजीने बोलले का? नाही. बहिणीवर जळून बोलले.

"ताई, तूही चल ना गं," वंदना म्हणाली. मी म्हटलं, रजा नाही. ऑफिसात विचारलंसुद्धा नव्हतं.

ती गेल्यावर आई घरात दिसेना. गॅलरीतून पाहिलं तर खाली, भिंतीला हात लावत बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत होती. मी धावत गेले, तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"राहू दे गं. तिथे वंदनाला त्रास नको, म्हणून सवय करतेय."

मी तिथेच उभी राहिले. तिने अजून चार फेऱ्या मारल्या.