चौकीतल्या कागदावर नसलेलं वाक्य

आई, तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याच जिवावर टाळ्या मिळवते आहे. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. लढाई थांबवणारे करार कसे लिहावेत, त्यांत बायकांवरच्या अत्याचारांना माफी का देऊ नये, हे देशोदेशी सांगत हिंडते. ऐकणारे माना डोलावतात आणि करार पुन्हा पुरुषच लिहितात. खरं सांगू, थकले गं. आता धायरीच्या घरी परवा करायचं भाषण काढून बसले आहे. त्यात तू आहेस.

बिबवेवाडीत आपल्या आणि शेजारच्या वस्तीची मारामारी झाली, त्याला आठवडा झाल्यावरची ती संध्याकाळ. पोलीस चौकीत शांतता समिती बसलेली, खुर्च्यांवर सगळे पुरुष. तुला चहा करायला बोलावलेलं. मार्केट यार्डात दिवसभर कांदा निवडून तू तशीच आलीस. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, अक्षर बरं, म्हणून समझोता लिहायला मी. ठरलं, की दोन्हीकडच्या सगळ्या तक्रारी मागे घ्यायच्या. पुढारी हात मिळवायला उठतात आणि तू दारातून बोलतेस, "त्या पोरीची तक्रार मागं घ्यायची न्हाई. मारामारीत भर रस्त्यात लुगडं ओढलंय तिचं. आठ दिस झालं, नळावर आली न्हाई ती."

"बाई, आत्ता शांतता महत्त्वाची," साहेब म्हणतात. "तुम्ही चहाचं बघा."

"चहा झालाय," तू म्हणतेस, आणि माझ्याकडे वळतेस. "लिव्ह गं."

साहेबांनी माझ्याकडे पाहून नुसती नकारार्थी मान हलवली आणि मी पुढच्या ओळीवर गेले. सगळ्यांच्या सह्या झाल्या. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "लिव्हलंस न्हवं?" मी हो म्हटलं. तुला वाचता येत नव्हतं. महिन्याभरात त्या पोरीला घरच्यांनी गावी धाडलं, तेव्हाही तू तिच्या आईला सांगत होतीस, "कागदावर हाय, कधीतरी निघंल." मी शेजारीच बसले होते. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

भाषणात मी सांगते, की माझ्या अडाणी आईने चौकीत ते वाक्य लिहून घेतलं. तिथे हमखास टाळ्या पडतात. आज ती ओळ खोडायला बसले होते. खोडली नाही. परवाही तशीच वाचीन.